दोष चाकात नव्हता

जुनी जीप विकत मिळत नाही, ती जुळवावी लागते, असे आमच्या कळंब परिसरातील मिस्त्री म्हणतात. विलीज कंपनीने १९५३ साली अमेरिकेत आणलेले सीजे-३बी हे प्रारूप महिंद्र कंपनीने परवान्याने पुढे कित्येक वर्षे भारतात बनविले. त्यांतील ज्या गाड्या आजही धावतात, त्यांपैकी अनेकींचा सांगाडा एकीचा, इंजिन दुसरीचे आणि ॲक्सल तिसरीचा असतो. आमच्या वापरातील जीपही अशीच जुळविलेली. तिच्या पुढच्या चाकांवरचे मूळचे नऊ इंची ड्रम काढून तेथे डिस्क-ब्रेक बसविलेले होते. मागे ड्रमच राहिले होते.

या गाडीला एक विलक्षण खोड होती. निघताना सारे ठीक असे. सात-आठ किलोमीटरनंतर पुढची चाके जड होत, तापत, जळका वास येई. गाडी थंड झाली की पुन्हा चालण्याजोगी होई. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णांना आम्ही याच जीपमधून नेतो, आणि येरमाळ्याच्या पुढे बालाघाटाचा उतार लागतो. ब्रेकचे तेल हवेतील पाणी हळूहळू शोषते. नवे असता २०५ अंश सेल्सिअसपर्यंत न उकळणारे सामान्य प्रतीचे तेल पाणी मुरल्यावर १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. म्हणून तेल उकळले की पायाखालचा पेडल पोकळ होतो. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकच मास्टर सिलिंडर एकाच मार्गाने दाब पुरवितो. तो मार्ग निकामी झाला की उरतो केवळ हातब्रेक.

एका ठिकाणी पॅड बदलले गेले, दुसऱ्या ठिकाणी रबरी नळ्या, तिसऱ्या ठिकाणी सिलिंडरची वायसरे. चाक तापते, म्हणजे दोष चाकाजवळच, हा सर्वांचा तर्क होता. खोड मात्र तशीच राहिली.

मग एका वयोवृद्ध मिस्त्रींनी गाडी पाहिली. त्यांनी काहीही बदलले नाही. चाक जड होईपर्यंत त्यांनी गाडी चालविली, ती जॅकवर उचलली आणि चाकाजवळचे हवा काढण्याचे निपल किंचित सैल केले. तेलाची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे फिरू लागले. म्हणजे चाकाचे भाग अडकलेले नव्हते. पाय काढल्यावरही तेलात दाब उरत होता. दुसऱ्या फेरीनंतर त्यांनी चाकाऐवजी मास्टर सिलिंडरजवळचा सांधा सैल केला. चाक तसेच सुटले. नळ्या निर्दोष ठरल्या. पेडलच्या दांड्याला आवश्यक तेवढी मोकळीकही होती. राहिली ती सिलिंडरच्या तोंडाशी असलेली एक लहानशी झडप.

पास्कल (१६२३-१६६२) सेमिनरीत आम्हांला तत्त्वचिंतक म्हणून परिचित झाला. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा त्याचा नियम आम्हांला त्या दिवशी जॅकवरच्या चाकापाशी खऱ्या अर्थाने उमगला. ड्रम-ब्रेकसाठी ही झडप नळीत मुद्दाम थोडा दाब राखून ठेवते. तो साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला ०.७ किलोग्रॅम असतो. त्यामुळे चाकातील वायसरे घट्ट बसून राहतात आणि हवा आत शिरत नाही. ड्रममधील बळकट स्प्रिंगा तो दाब मोडून शू मागे ओढतात. डिस्कला तशा स्प्रिंगा नसतात. तोच दाब तेथे पॅड सतत घासत ठेवतो. झडप आपले काम चोख करीत होती, डिस्कही निर्दोष होती. त्यांची एकमेकींशी सांगड बसत नव्हती, इतकेच.

पुढे डिस्क व पुढे-मागे वेगळा मार्ग असलेल्या, मागे ड्रम असणाऱ्या गाडीचा दुहेरी मास्टर सिलिंडर त्यांनी मापे जुळवून बसविला, जुने तेल काढून नवे भरले, हवा काढली. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर चालवून त्यांनी प्रत्येक चाकाची धग हाताने अजमावली. मगच घाटाची परवानगी दिली. पहिल्या दिवसाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. "बदललं तर काहीच नाही, नुसतं बघितलं," असे ते म्हणाले.

ज्या वाचकांकडे अशी जुळविलेली गाडी असेल, त्यांनी आठ-दहा किलोमीटरवर थांबून चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावा. एखादे चाक इतरांहून अधिक तापलेले आढळले, तर ते कारण सापडेपर्यंत तिच्यात कोणासही बसवू नये.