वेळापत्रक नसलेली गाडी

गेल्या डिसेंबरात आईला घ्यायला नवी दिल्ली स्टेशनावर गेलो होतो. तिची झेलम एक्सप्रेस नगरहून वेळेवर सुटली आणि मथुरेच्या आसपास धुक्यात अडकली. मोबाइलवर दोन तासांचा उशीर चारावर गेला, मग सहावर. सोबत आमच्या नोएडातल्या प्रार्थनासभेचा एक मुलगा होता. सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रचारकाने मंडळी उचलली जाण्याची, म्हणजे ख्रिस्ती विश्वासी आकाशात घेतले जाण्याची, तारीख २३-२४ अशी सांगितली, तेव्हा या पठ्ठ्याने दोन दिवसांची रजा टाकली होती. तारीख टळली, रजा गेली. चहा पिता पिता त्याने विचारलं, “काका, उचलणं शेवटच्या काळातल्या महासंकटाच्या आधी, मध्ये, की नंतर?”

तिन्ही मतांचे लोक आमच्या सभेत आहेत. संकटाआधीच विश्वासी वर घेतले जातील हे मत १८३०च्या सुमारास जॉन नेल्सन डार्बीने मांडलं, आणि १९०९च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांनी ते दूरवर नेलं. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बऱ्याच जुन्या मंडळ्या ‘उचलणं’ आणि पुनरागमन असे दोन प्रसंग मानत नाहीत. वचन मात्र सगळ्यांचं एकच : थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, चौथा अध्याय. पौलाने ते लिहिलं आपली माणसं गमावलेल्यांना धीर द्यायला. त्याच मंडळीत काही जण कामधंदा सोडून बसले होते, म्हणून दुसऱ्या पत्रात त्याने त्यांना फटकारलं.

मला पंडिता रमाबाई आठवल्या. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनात संजीवनाची लाट आली, प्रार्थनेत रात्री सरत. आकाशाकडे डोळे लावून बसायचा हक्क कुणाला असेल, तर तिथल्या बायकांना होता. पण रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणत राहिल्या, आणि मुक्तीतल्या बायका त्याचे खिळे जुळवत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.

येशूने सांगितलेल्या, दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींच्या दाखल्यात एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपल्या, शहाण्याही. प्रभूने झोपेला दोष दिला नाही. फरक होता तो भांड्यातल्या तेलाचा, आणि ते ऐनवेळी उसनं मिळत नाही. नगरला आई रोज तिन्हीसांजेला कंदिलाची काच राखेने पुसून तेल भरून ठेवायची, वीज असली तरी.

पहाटे गाडी लागली. आई खालच्या बर्थवर गाढ झोपली होती. पिशवी बांधून उशाशी, पायांत चपला, शाल नीट पिन केलेली. हाक मारताच उठली आणि थेट दाराकडे चालू लागली.

मुलाने तिची पिशवी घेतली. सोमवारी तो वेळेवर कामावर गेला. रजा शिल्लक नव्हतीच.