साहेबांची खुर्ची कुठे असावी

आज रात्री जेवणानंतरही डोक्यात ऑफिसच आहे. सोमवारपासून विभागाचा कार्यभार माझ्याकडे येतोय. सोलापूरच्या सात रस्ता चौकातून घरी येताना सारखे अनिलकुमार लखिना आठवत होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नगरला जिल्हाधिकारी असताना त्यांनी कचेरीची मांडणीच बदलली. फायलींचं वर्गीकरण, बसण्याची रचना, लोकांना सहज कळेल असं कामकाज. पुढे राज्यभर ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ते गाजलं.

आपल्या सोलापुरापर्यंत तोच विचार पुन्हा आला तो चंद्रकांत दळवी पुण्याला विभागीय आयुक्त असताना, ‘झिरो पेंडन्सी’च्या, म्हणजे एकही काम प्रलंबित न ठेवण्याच्या, रूपानं. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. वरवर पाहता ही नुसती आवराआवर. पण गठ्ठे लागले की कुणाचं काम कुठे अडलंय ते सगळ्यांसमोर येतं. मग साहेबाला आरडाओरडा करावा लागत नाही आणि कारकुनाला लपवालपवी.

मला हेच फार मोलाचं वाटतं. कामाची संस्कृती भाषणांनी, भिंतीवरच्या सुविचारांनी घडत नाही, आणि भांडण पेटल्यावर बैठक बोलावूनही नाही. ती आधीच घडवावी लागते.

सोमवारी पहिला गठ्ठा माझ्याच टेबलावर बांधणार, सगळ्यांसमोर. केबिनचं दार उघडं. आणि विभागातल्या भोसलेबाईंना आधी विचारायचं, त्यांचं कोणतं काम माझ्या सहीसाठी थांबलंय.