गाडीचं ठाण

"मावशी, स्टान्सला मराठीत काय म्हणायचं गं?" असं भाच्याने विचारलं आणि माझ्यातली मराठीची बाई खडबडून जागी झाली. मला आधी क्रिकेट आठवलं. पण त्याला हवा होता गाडीचा स्टान्स. म्हणजे नुसती उभी असलेली गाडी कशी उभी आहे, एवढंच. जमिनीपासून किती उंच, पुढून दबलेली की मागून, चाकं मडगार्डाच्या कडेला येतात की आत लपून बसतात.

'पवित्रा' म्हटलं तर फार भांडखोर वाटतं. 'ढब' बरा आहे, पण ढब चालण्याचीही असते. 'बैठक' म्हणावं तर गाडी बसलेली नाही, उभी आहे. शेवटी मी 'ठाण' सुचवला. 'ठाणमाण'मधलं ठाण, 'ठाण मांडून बसणं'मधलं ठाण. त्याला तो इतका आवडला की आता त्याचे दोन जर्मन मित्रसुद्धा 'थान, थान' करत असतात :-)

असो. लिहायला बसले ते शब्दासाठी नाही, ताईसाठी. स्टुटगार्टला यायच्या आदल्या आठवड्यात तिचा फोन आला. "त्याच्या त्या जुन्या गाडीचं चाक रस्त्यात ढिलं झालं म्हणे. शोभेसाठी चाकामागे चकत्या घालतो! त्या गाडीत पोरगं बसतं गं. तू मास्तरीण, तुझं ऐकेल तो. आधी त्या काढायला लाव." तेव्हापासून सांगलीपासून ठाण्यापर्यंत सगळ्यांनी मला तेच विचारलंय. तेव्हा एकदाच सविस्तर लिहिते, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको. मी मराठीची बाई, मोटारीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण महिनाभर गॅरेजमध्ये स्टुलावर बसून प्रश्न विचारले, आणि प्रश्न विचारण्यात आमचा हातखंडा.

गाडी आहे १९८२ सालची पोर्शे ९११ एससी. मूळची अमेरिकेत विकलेली, तिथून परत जर्मनीत आलेली. अमेरिकेत तेव्हा बंपर किती उंचीवर हवा याचे नियम होते, म्हणून तिकडे जाणाऱ्या गाड्या कारखान्यातूनच थोड्या उंच ठेवून पाठवत. ही तशीच आली. मी जुने फोटो पाहिले. डबक्यातून जाताना साडी वर धरून चालणाऱ्या बाईसारखी दिसत होती बिचारी. भाच्याने पहिल्यांदा तिला युरोपातल्या मापावर खाली आणलं. या गाडीत स्प्रिंगेच्या वेटोळ्याऐवजी पोलादाचा सरळ दांडा असतो, तो पिळला जातो आणि तीच स्प्रिंग. दांड्याचं टोक दात्यांमध्ये बसवलेलं असतं. ते काढून वेगळ्या दात्यांवर बसवलं की गाडी खाली येते. कापाकापी काही नाही. याबद्दल ताईचीही तक्रार नसावी.

मग मात्र मागची चाकं डोळ्यांत खुपायला लागली. मडगार्ड छान गोल फुगलेलं आणि चाक त्याच्या आत, मोठ्या भावाचा सदरा घातलेल्या मुलासारखं. तिथे आले स्पेसर. स्पेसर म्हणजे ॲल्युमिनियमची जाड चकती. चाक ज्या हबवर बसतं तो हब आणि चाक यांच्यामध्ये ती घालायची. पंधरा मिलिमीटरची चकती घातली की चाक पंधरा मिलिमीटर बाहेर येतं, दोन्ही बाजूंना मिळून तीस.

"पण ज्यांनी गाडी केली त्यांना हे कळत नव्हतं का?" हा माझा पहिला प्रश्न. उत्तर द्यायला त्याने मला झुफेनहाउजेनला पोर्शेच्या संग्रहालयात नेलं (हे २००९ साली उघडलं, बघण्यासारखं आहे, पण चालून पाय दुखतात). तिथे मला कळलं की चाकं कुठे असावीत यावर या कारखान्याने स्वतःच कितीदा विचार बदललाय. ९११ पहिल्यांदा लोकांना दाखवली १९६३ साली फ्रँकफर्टला. इंजिन पार मागच्या चाकांच्याही मागे, त्यामुळे शेपूट जड. वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जाई. मग १९६९च्या मॉडेलपासून त्यांनी मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली, इंजिन होतं तिथेच ठेवून. चाकांमधलं अंतर २२११चं २२६८ झालं. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्याच वाटाव्यात, पण चालवणाऱ्याला फरक कळतो म्हणे.

पुढे १९७३ची कॅरेरा आरएस २.७. मागे बदकाची शेपटी असलेली. पुढची चाकं सहा इंच रुंद, मागची सात, आणि ती मावावीत म्हणून मागचं अंग ४२ मिलिमीटरने रुंद केलेलं. शर्यतीच्या नियमासाठी पाचशे गाड्या करायच्या होत्या, शेवटी दीड हजारांवर खपल्या. मी त्या गाडीसमोर बराच वेळ उभी राहिले. दोन्ही पाय रोवून उभ्या असलेल्या माणसासारखी ती दिसते. भाचा म्हणाला, "बघ, मला हेच हवंय." तेव्हा त्याच्या मनातलं मला पहिल्यांदा समजलं.

समजलं, पण पटायला अजून हिशेब बाकी होता. आरएसची चाकं पळण्यासाठी रुंद केली होती, याला दिसण्यासाठी हवी होती. रात्री जेवण झाल्यावर आम्ही कागद घेऊन बसलो. वळणावर गाडीचं वजन आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकाकडे जातं. दोन चाकांमधलं आडवं अंतर जितकं जास्त, तितकं ते कमी जातं. या गाडीत मागे हे अंतर साधारण १३८० मिलिमीटर. त्यात ३० वाढले, म्हणजे शेकडा दोनच्या जरा वर. एवढ्याने वळणावर काय मोठा फरक पडणार! आणि बदल्यात काय जातं? चाकाचा भार बेअरिंगपासून पंधरा मिलिमीटर लांब पडतो. स्प्रिंगेविरुद्ध चाकाची तरफ लांबते, म्हणून गाडी किंचित मऊ वाटते. पावसात चिखल पत्र्यावर उडतो. पुढच्या चाकांना चकत्या घातल्या तर स्टिअरिंगला जास्त हिसके बसतात, म्हणून तिथे त्याने घातल्याच नाहीत, ही अक्कल त्याला होती.

मी म्हटलं, "म्हणजे फायदा दिसण्याचाच." तो म्हणाला, "हो, दिसण्याचाच." न लाजता म्हणाला, ते मला आवडलं. मीही आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या. अक्षर सुंदर असलं म्हणून उत्तर जास्त बरोबर होत नाही, पण समास सोडून नीट लिहिलेल्या वहीवर माझी लाल पेन्सिल जरा प्रेमाने फिरायची. ताई, तूसुद्धा दारातली रांगोळी एका ठिपक्याने चुकली तर पुसून परत काढायचीस. तेव्हा 'शोभेसाठी' हा शब्द तू एवढ्या रागाने म्हणू नयेस असं मला वाटतं.

आता त्या ढिल्या चाकाबद्दल, कारण काळजी त्याचीच आहे.

माझी समजूत होती की चाक त्या पाच स्टडांवर टांगलेलं असतं. तसं नसतं. नट आवळले की स्टड ताणले जातात आणि चाक हबवर दाबून बसतं. त्या दाबामुळे जे घर्षण होतं तेच चाकाला धरून ठेवतं. म्हणून दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ आणि सपाट हवेत. मध्ये चकती आली की असे पृष्ठभाग दोनाचे चार होतात. भाच्याने पहिल्या चकत्या कुठूनतरी वापरलेल्या विकत घेतल्या होत्या, दहा मिलिमीटरच्या. त्यांच्यावर कुणीतरी जाडजूड रंग चढवलेला. मधलं भोक हबपेक्षा मोठं, म्हणजे चकती बरोबर मध्यावर बसणार कशी? आणि सगळ्यात वाईट, स्टड मूळचेच ठेवलेले. चकतीने दहा मिलिमीटर खाल्ले, मग नटाला धरायला आटे उरले थोडेच. रंग दाबला जाऊन झिजला, ताण गेला, नट सुटत गेले. श्वेबिश आल्बच्या डोंगरातून परत येताना मागून ठकठक आवाज यायला लागला. त्याने गाडी बाजूला घेतली तर पाचांतले तीन नट हाताने फिरत होते. मुलगा शेजारी बसला होता. हे त्याने मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्यामुळे मी वेगळं रागावले नाही.

पण यातून एक गोष्ट निघते. चाक बाहेर आणायला दुसराही मार्ग असतो, मुळात तशा मापाची चाकंच घ्यायची. बेअरिंगला विचारलं तर त्याला दोन्ही सारखंच, चाक किती बाहेर आहे तेवढंच त्याला कळतं. फरक आहे तो जोडाचा. म्हणजे ताई, धोका पंधरा मिलिमीटरचा नव्हता, त्या रंगाचा आणि आट्यांचा होता.

मी विचारलं, मग ती दुसरी चाकंच का घेत नाहीस? तर ही त्याची फुक्सची चाकं, पाच पाकळ्यांची, ठोकून घडवलेल्या ॲल्युमिनियमची, १९६६पासून ९११वर येत असलेली. त्या चाकांवर त्याचा जीव. बरं.

नव्या चकत्या आल्या तेव्हा मी हजर होते. मधलं भोक हबच्या बरोबर मापाचं, ७१.६ मिलिमीटर, बोटाने फिरवून पाहिलं तर जराही हलत नाही. जुने स्टड दाबयंत्राने काढून लांब बसवले. १४ मिलिमीटर जाडीच्या स्टडला निदान तेवढेच १४ मिलिमीटर आटे धरलेले हवेत, हा ढोबळ नियम मी वहीत लिहून घेतला आणि नट घालताना फेरे मोजले. दीड मिलिमीटरचा एक आटा, म्हणजे निदान साडेनऊ फेरे. तेरा भरले. मग टॉर्कच्या पान्याने १३० न्यूटन-मीटर. तेवढा जोर झाला की पाना 'टक' करतो.

शिवाय जर्मनीत हे गुपचूप करता येत नाही. चकत्यांसोबत त्यांच्या तपासणीचा कागद लागतो, 'ट्यूफ'चा माणूस गाडी बघतो आणि गाडीच्या कागदपत्रांत नोंद होते. नोंद नसेल तर गाडी रस्त्यावर आणायचा परवानाच जाऊ शकतो. टायर किती झाकलेला हवा याचाही नियम आहे. चाकाच्या मध्यातून वर उभी रेघ काढायची, तिच्या पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढा भाग मडगार्डाखाली हवा. मला कंपासपेटीची आठवण झाली. तपासणाऱ्या गृहस्थांनी स्टडांवर टॉर्च मारून पाहिला, मागचं एक चाक ठोकळ्यावर चढवून टायर घासतोय का बघितलं, आणि सही केली.

एका रविवारी आम्ही जुन्या गाड्यांच्या जत्रेला गेलो होतो. तिथे काही गाड्या इतक्या खाली टेकलेल्या की रस्त्यावरचा साधा उंचवटा त्यांना डोंगर. चाकं वरून आत झुकवलेली, गुडघे एकमेकांना लागणाऱ्या माणसासारखी. टायर आतल्या कडेवरच झिजणार. ती बिचारी पोरं रॅम्पवर गाडी चढवताना चौघंचौघं वाकून बघत होती. मला ते काही आवडलं नाही. ठाण म्हणजे पाय रोवणं, पाय मोडून घेणं नव्हे. भाच्याचंही तेच मत, पण तो ते त्यांच्यासमोर बोलला नाही.

तर ताई, चकत्या काढायला मी लावलं नाही. जुन्या मात्र माझ्यासमोर भंगारात टाकायला लावल्या. पन्नास किलोमीटर गाडी चालवून झाल्यावर नट परत तपासायचे असतात, तेही केलं. दहाच्या दहा नटांना पाना लावला, एकही हलला नाही, 'टक' दहा वेळा मी ऐकलं. नातू पान्याशेजारी उभा राहून मोठ्याने मोजत होता, मराठीतून. आता भाचा पुढच्या चाकांकडे बघत काहीतरी पुटपुटतोय, पण माझं परतीचं विमान गुरुवारी आहे.