जुळणारी रेघ

बोटीवरून निवृत्त झाल्यावर बाबांनी चोरबाजारातून क्षितिजापासून सूर्याची उंची मोजायचा जुना पितळी सेक्स्टंट आणला. आता त्यांना त्याच्या रेघा दिसत नाहीत. काल तो माझ्या हातात देऊन म्हणाले, "वाच."

व्हर्नियरचा शून्य ४१ अंश २० मिनिटांच्या पुढे होता. किती पुढे, ते कमानीवरच्या रेघेशी तंतोतंत जुळणारी व्हर्नियरची रेघ सांगते. भिंगातून मला तीन जुळलेल्या वाटल्या.

"सात मिनिटं," मी ठोकून दिलं.

"एक मिनिट चुकलं, की बोट एक सागरी मैल चुकते. १८५२ मीटर. शेजारच्या दोन रेघा बघ. उलट बाजूंना सारख्याच सरकल्या असतील, तर मधली खरी."

पुन्हा पाहिलं. "सहा."

"मला कुठे दिसतंय," बाबा हसले. "तू म्हणशील ते."

मग मी तिसऱ्यांदा वाचलं.