झेंडूचे फूल एक की शंभर?

आमची नात सातवीत शिकते. मागच्या पावसाळ्यात वर्गात फुलाचे भाग शिकवायचे होते, म्हणून बाईंनी प्रत्येकाला एकेक फूल आणायला सांगितले. आमच्या घरी फुलांना काय तोटा? 1982 च्या संपात आमची गिरणी सुटली ती कायमची. तेव्हापासून नातीच्या आजीने झेंडूचे हार करून संसार सावरला, मुलांना शिकवले. आजही दसऱ्याला आणि 14 एप्रिलला तिची टोपली रस्त्याच्या कडेला असते. नातीने त्याच टोपलीतला टपोरा झेंडू उचलून नेला.

संध्याकाळी पोर तोंड पाडून घरी आली. बाई म्हणाल्या होत्या, "यात भाग नीट दिसत नाहीत, जास्वंद आण." बाईंचे काही चुकले नाही. पण मागच्या बाकावरून कुणी तरी बोलले, "फुलवालीची नात, आणि फूलच चुकलं!" सारा वर्ग हसला. "आज्जी, मला विज्ञान नको आणि तुझी फुलंही नकोत," म्हणून ती भिंतीकडे तोंड करून निजली. आजी काही बोलली नाही. त्या रात्री हार मात्र अर्धाच राहिला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. शेजाऱ्यांना विचारून आम्ही त्यांच्या कुंडीतले जास्वंद आणले. ताटली आणि दाढीचे नवे पाते घेऊन तिघे दारात बसलो. नातीने पुस्तक वाचायचे, आम्ही फूल सोडवायचे.

देठाकडची हिरवी वाटी म्हणजे निदलपुंज. कळी असताना तीच फुलाला झाकते. मग पाच लाल पाकळ्या, तो दलपुंज. मधून निघालेली लांब नळी पुंकेसर जुळून झालेली. तिच्यावरचे पिवळे ठिपके परागकोश. बोट लावले तर पिवळी पूड लागली. हे पुमंग. नळीच्या टोकातून पाच मखमली टिकल्या डोकावतात, ती कुक्षी. नळी उभी चिरली तेव्हा आत दोऱ्यासारखा कुक्षीवृंत आणि तळाशी इवलासा अंडाशय दिसला. हे जायांग. पराग कुक्षीवर पडून फलन झाले, की अंडाशयाचे फळ होते आणि आतल्या बीजांडांच्या बिया.

आजी उठली आणि एक भेंडी आडवी चिरून घेऊन आली. "हे तेच ना?" पाच कप्पे, कप्प्याकप्प्यात बिया! भेंडी, जास्वंद आणि कापूस एकाच कुळातले, हे आम्हाला मागाहून कळले. गिरणीत कापसाच्या सुताशी इतकी वर्षे झटलो, पण त्याच्या फुलाचा कधी विचार केला नव्हता.

नात आता रंगात आली. "मग झेंडूत हे का दिसत नाही?" आम्ही गप्प. आजीने झेंडू फाडून एक पाकळी ओढली. "हिच्या बुडाची काडी बघ. वाळली की काळी पडते, तेच बी. पाकळीगणिक एक. मी दरवर्षी डब्यात भरून ठेवते की!"

नातीने पाकळी उजेडात धरली. बुडाशी बारीक नळी, तिच्यातून निघालेली दोन टोकांची कुक्षी. ती ओरडलीच, "बी धरतं म्हणजे अंडाशय आहे! आबा, ही पाकळी नाही, अख्खं फूल आहे!"

सोमवारी बाईंनी सांगितले, की पोरीचे बरोबर आहे. झेंडू म्हणजे पुष्कळ बारीक फुलांचा झुपका. त्याला स्तबक म्हणतात. खालची हिरवी वाटी साऱ्या झुपक्याला मिळून एकच असते. सूर्यफूल आणि शेवंतीही तशीच. बाईंनी नातीलाच वर्गापुढे झेंडू उलगडून दाखवायला लावला. या वेळी कुणी हसले नाही.

घरी आजी म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी एका फुलाच्या पैशात शंभर देत होते म्हणायची!" नात पोट धरून हसली. दसऱ्याला ती आजीच्या टोपलीजवळ बसली होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला झेंडूचे मर्म सांगत होती.

वाचकहो, आपण फार शिकलो नाही म्हणून पोरांच्या पुस्तकापासून दूर राहू नका. आपल्या हातांना पुष्कळ ठाऊक असते, त्याची नावे तेवढी पुस्तकात असतात. रविवारी एक फूल घेऊन बसा. पाते मात्र स्वतःच्या हाती ठेवा.