मुठीत मावणारी कला

मित्रांनो, तुमच्या कपड्यांना एकही खिसा नसता तर तुम्ही काय केले असते? पैसे, किल्ली, पेन हे सारे कुठे ठेवले असते?

जुन्या काळी जपानी माणसांपुढे हाच प्रश्न होता. त्यांच्या किमोनोला खिसे नसत. मग पुरुष औषधाची डबी किंवा तंबाखूची पिशवी दोरीला बांधून कमरपट्ट्याला लटकवत. दोरी निसटू नये म्हणून तिच्या वरच्या टोकाला एक लहानसा लाकडी किंवा हस्तिदंती गट्टू अडकवत. त्यालाच 'नेत्सुके' म्हणतात.

गट्टू साधा असता तरी चालले असते. पण कारागिरांनी त्यातून झोपलेला उंदीर, कासव, माकड, हसरा म्हातारा अशा आकृती कोरल्या. नेत्सुकेला कुठेही अणकुचीदार टोक ठेवत नसत, कारण कपडा फाटण्याची भीती असे. दोरी ओवण्यासाठी बहुधा दोन भोके असत. जी बाजू कोणाला दिसणार नाही, तीही नीट कोरलेली असे. 1868 नंतर जपानमध्ये पाश्चात्त्य पोशाख आला, त्याबरोबर खिसेही आले. नेत्सुकेचे काम संपले. परदेशी लोकांनी ते गोळा केले. आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही ते पाहायला मिळतात.

मला लाकडी वस्तूंचा नाद लागला तो वडिलांमुळे. आम्ही कासारवाडीला राहतो. पुणे-लोणावळा लोहमार्गावरचे हे स्थानक. आजूबाजूला सगळे कारखाने. वडील एका कारखान्यात सुतार होते. लोखंडाचे ओतकाम करण्यापूर्वी यंत्राच्या भागाचा लाकडी नमुना तयार करावा लागे. वडील तो करत. लाकडावरून हात फिरवून ते सांगत, "डोळा फसतो, बोट फसत नाही."

खरा जुना नेत्सुके विकत घेणे माझ्यासारख्याला परवडणारे नाही. पण आपल्याकडेही मुठीत मावणारी कला थोडी का आहे? कुंकवाचा करंडा, लाकडी फणी, कापडावर छपाई करण्याचे ठसे अशा वस्तू मी पुण्याच्या जुन्या बाजारातून जमवू लागलो.

या छंदात माझे गुरू म्हणजे दिनकर गंगाधर केळकर. त्यांचा जन्म 1896 चा. ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच वारला. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे केले. गावोगाव हिंडून त्यांनी दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, वज्री अशा सुमारे 20,000 वस्तू गोळा केल्या. पत्नी कमलाबाईंनी त्यांना साथ दिली. 1990 साली केळकर गेले, पण त्यांचा संग्रह सर्वांसाठी राहिला. रोजच्या वापरातील साध्या वस्तूंचाही त्यांनी मान राखला, हे मला फार मोठे वाटते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारचे जुने घर पाडायचे ठरले. तिथला तरुण एक फणेरपेटी घेऊन माझ्याकडे आला. "काका, घ्या ही. भंगारात टाकण्यापेक्षा तुम्ही काय द्याल ते द्या," तो म्हणाला. पेटी शिसवी होती. झाकणाच्या आत आरसा होता आणि कडेने नाजूक वेल कोरलेली होती. अशी पेटी मी अनेक वर्षे शोधत होतो. माझा हात खिशाकडे गेला.

तेवढ्यात मी विचारले, "ही कोणाची रे?"

"आजीची. लग्नात तिच्या वडिलांनी दिली होती."

आजी हयात होत्या. आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. त्यांना नीट दिसत नव्हते. त्यांनी पेटी मांडीवर घेतली, वेलीवरून बोट फिरवले आणि आपल्या माहेरचे, वडिलांचे, लग्नाच्या दिवसाचे सांगू लागल्या. नातवाने ते सारे पहिल्यांदाच ऐकले. मी पेटी घेतली नाही. ती आज त्यांच्या नव्या घरात आहे आणि आजींनी सांगितलेली हकिकत नातवाने लिहून आत ठेवली आहे. माझ्या कपाटातली एक जागा रिकामी राहिली, पण तिच्याकडे पाहून मला वाईट वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी पानदान, सरौता, सुरमादाणी किंवा कलमदान असेल. लाकडी रेहल तर तुम्ही रोज पाहत असाल. ती नीट बघा. पुष्कळदा ती एकाच फळीतून कापलेली असते. खिळा नाही, सरस नाही, तरी उघडते आणि मिटते! ती कोणी आणली, कधी आणली, हे आजी-आजोबांना, नाना-नानींना विचारा. ते जे सांगतील ते तारीख घालून वहीत लिहा.

वस्तू बाजारात पुन्हा मिळेल. तिची गोष्ट मात्र सांगणाऱ्या माणसाबरोबर निघून जाते. म्हणून आज घरी गेल्यावर आधी गोष्ट विचारा.