कृपा : एक प्रथमपुरुषी शब्द

मराठी बोलण्यात 'कृपा' हा शब्द बहुधा सुखवार्तेच्या पाठोपाठ येतो. मुलाला नोकरी लागली, शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली, घराचा ताबा मिळाला, की 'देवाची कृपा' म्हणून आपण मोकळे होतो. नोकरी गेली तर मात्र कृपेचे नाव कोणी काढीत नाही. तिथे नशीब, प्राक्तन, भोग हे शब्द पुढे होतात. ख्रिस्ती धर्मविचाराशी आमचा परिचय झाला तो पुस्तकांतून, आणि त्यात आम्हांला सर्वांत अनोळखी वाटली ती हीच गोष्ट, की तिथे हा शब्द पुष्कळदा नेमक्या उलट्या जागी येतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल आपल्या देहातल्या एका काट्याविषयी बोलतो. हा काटा म्हणजे व्याधी, छळ की आणखी काही, यावर भाष्यकारांचे एकमत नाही. तो दूर व्हावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली. उत्तर मिळाले ते कृपेचे. काटा जागच्या जागी राहिला.

कृपा ही कमाई नव्हे, हे या विचाराचे मूळ सूत्र. पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलागियस यांच्या अनुयायांचा वाद झाला तो यावरच. सोळाव्या शतकात ल्यूथरच्या निमित्ताने युरोपातले चर्च दुभंगले त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न होता. त्या भांडणातल्या मुख्य मुद्द्यावर कॅथलिक आणि ल्यूथरन यांनी एकत्र सही करायला ३१ ऑक्टोबर १९९९ उजाडावे लागले. पण कृपा जर कमवता येत नसेल, तर सोसण्याचे काय? सोसणे हे तिचे मोल नव्हे, आणि ती आल्याने सोसणे संपते असेही नव्हे. मग या दोहोंचा संबंध तरी कोणता?

हा प्रश्न आमच्यापुढे ग्रंथातून आला नाही. आमची आई पक्षाघाताने सहा वर्षे अंथरुणाला खिळून होती. चेंबूरच्या आमच्या दोन खोल्यांत समाचाराला येणारी माणसे प्रेमाने येत आणि जाताना काहीतरी अर्थ सांगून जात. कोणी म्हणे, देव आपल्या माणसांचीच परीक्षा पाहतो. कोणी म्हणे, मागचे काही फिटते आहे. कोणी आम्हांला सांगे की सेवा घडते आहे, ही कृपाच समजा. आईला बोलता येत नसे. ऐकू मात्र सारे येई. आपले दुखणे दुसऱ्याच्या पुण्याची सोय ठरते आहे, हे तिने किती वेळा ऐकले असेल!

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाकडे आम्ही त्या काळात पुन्हा वळलो. ईयोब म्हणजे सोशिकतेचा पुतळा, असा समज आहे. पुस्तक वाचले तर तो भांडतो, जाब विचारतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. त्याचे तीन मित्र आधी सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसतात. पुढे ते बोलू लागतात, ईश्वराची बाजू मांडतात, दुःखाचे कारण सांगतात. आणि अखेरीस ईश्वराचा कोप होतो तो या वकिलांवर, भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे. मित्रांचे सर्वांत चांगले काम त्या पहिल्या सात दिवसांतच झालेले होते.

आमच्याकडे असे मुकाट्याने बसणारी एकच व्यक्ती येई. चेंबूर गावठाणातल्या एक वृद्ध ईस्ट इंडियन बाई, आईच्या जुन्या मैत्रीण. त्या आईचे केस विंचरीत, मग जपमाळ हाती घेऊन बसत. एकदा त्यांनी उशाशी एक लहानसे चित्र ठेवले. 'राहू दे इथे,' एवढेच म्हणाल्या. चेंबूरचे चर्च जिच्या नावाचे आहे त्या नित्य साहाय्य मातेचे ते चित्र. मूळ चित्र रोममध्ये आहे. त्यात दोन देवदूत क्रूस, खिळे आणि भाला घेऊन आलेले दिसतात; बाळ येशू दचकून वळला आहे, त्याच्या एका पायातला जोडा निसटून लोंबतो आहे, आणि त्याने आईचा हात घट्ट धरला आहे. नाव 'नित्य साहाय्य'. पण ती माता देवदूतांना परत पाठवीत नाही, क्रूस टाळीत नाही. साहाय्य म्हणजे तो हात.

यावरून आम्हांला साहित्याच्या अभ्यासात दिसलेली एक गोष्ट उमगल्यासारखी झाली. कृपेचा विचार सर्वांत जिवंत होतो तो ग्रंथांतल्या सिद्धांतात नव्हे, आत्मकथनात. ऑगस्टीनने सुमारे इ. स. ४०० मध्ये 'कन्फेशन्स' लिहिले ते देवाला उद्देशून, 'मी' म्हणून. मराठीतल्या ख्रिस्ती लेखनाचे बळही बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'पासून लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'पर्यंत आत्मकथनातच आहे. लक्ष्मीबाई दारिद्र्य, पतीच्या १८९५ मधल्या धर्मांतरानंतरचा दुरावा, प्लेग हे सारे सांगतात, हसत सांगतात. वाचकाला सोसण्याचा धडा द्यावा, असा त्यांचा सूर नाही. आणि हे केवळ ख्रिस्ती लेखनापुरते नाही. दुष्काळात घरचे माणूस आणि व्यापार दोन्ही गेल्यावर तुकोबांनी त्या दिवाळखोरीबद्दल देवाचे आभार मानले. ते तुकोबांनी म्हटले म्हणून तो अभंग. तेच शेजाऱ्याने त्यांना ऐकवले असते, तर त्याला आपण काय म्हटले असते?

कृपा हा प्रथमपुरुषी शब्द आहे, असे आम्हांला वाटते ते यामुळे. 'माझ्यावर कृपा झाली' हे दुःखातून बोलता येते. 'तुझे दुःख ही कृपा आहे' असे म्हणताच त्या शब्दाचा निवाडा होतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात, तीर्थे, व्रते, पुराणपठण सारे यथासांग चालू असताना, त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की ख्रिस्ताची खरी ओळख पटायला त्यानंतर आठेक वर्षे जावी लागली. तोवर धर्म होता, तो पाळण्याची खटपट होती. न मागता मिळणारे जे काही असते, त्याचा स्पर्श नव्हता.

ही ओळख पटलेल्या बाईंनी पुढे काय केले? १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना त्यांनी सहनशीलतेवर प्रवचन दिले नाही. त्यांना केडगावला आणले, जेवू घातले, अक्षर आणि हस्तव्यवसाय शिकवला. स्वतःच्या भुकेत त्यांना पुढे काही अर्थ सापडला असेल. दुसरीच्या भुकेत त्यांना फक्त भूक दिसली. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. अखेरच्या त्या काळातही, हिब्रू आणि ग्रीक शिकून हाती घेतलेले बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नव्हते.